मनुकांचा पेला

ठाण्याच्या बाजारपेठेतून जांभळी नाक्यावरून पुढे चालत आले, की टेंभी नाका लागतो. नवरात्रात येथे आलेला माणूस देवीचे दर्शन घेतो, आरास पाहतो, गर्दीत थोडा चेंगरतो आणि टेंभी नाका म्हणजे देवीचा नाका एवढीच खूणगाठ मनाशी बांधून घरी जातो. पण नवरात्र उलटून दिवाळी लागण्यापूर्वीचे चार दिवस नाका जरा मोकळा असतो. त्या दिवसांत येथून सावकाश चालावे. हाकेच्या अंतरात जैनांचे मंदिर, पारशांची जुनी अग्यारी आणि यहुद्यांचे सिनेगॉग अशी तीन देवघरे भेटतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या जागेजवळचे हे सिनेगॉग 1879 सालचे. त्याचे नाव ‘शार हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार.

या नाक्याजवळच्या एका बेने इस्रायल घरी, लहान असताना, एका शुक्रवारी सायंकाळी मला एक लहानसा पेला मिळाला. त्यात जांभळट तपकिरी रंगाचे काहीतरी होते. घरातल्या कर्त्या पुरुषाने त्यावर हिब्रूत मंत्र म्हटला होता. आम्ही शाळेत दारूबंदीची गाणी म्हणणारी मुले, मी घाबरतच विचारले, “मावशी, ही दारू का?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “दारू कसली रे! मनुकांचं सरबत आहे. पण आजच्यापुरतं वाइनच म्हण.”

ते सरबत होते की वाइन, हा प्रश्न तेव्हा मी पेल्याबरोबर पिऊन टाकला. पुढे इतिहास वाचू लागल्यावर तो पुन्हा वर आला. त्या एवढ्याशा पेल्यात किती देशांचे आणि किती शतकांचे पाणी मुरले आहे, ते या लेखात सांगायचे आहे.

बेने इस्रायल हे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्यापुस्तके समुद्राने नेली. जे उरले ते पाठ असलेले, आणि पाठ असलेले फार थोडे होते: ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवारची विश्रांती. वाचलेल्यांचे वंशज रायगडच्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेझारी, रोहे, पेण, केहीम, दिवे या गावांवरून पेझारकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर, दिवेकर अशी आडनावे झाली. आडनावावरून कोणी ओळखू नये, की हा गृहस्थ शुक्रवारी दिवेलागणीनंतर चूल पेटवीत नाही.

त्यांनी आपल्या सणांना दिलेली नावे तर अस्सल कोकणी मातीतली आहेत. वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’; एका सणाला खीर होते म्हणून तो ‘खिरीचा सण’; जेरुसलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवशी वालाचे बिरडे खातात म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. यहुद्यांचा वल्हांडण, ज्या आठ दिवसांत आंबवलेले काहीही घरात चालत नाही, त्याला त्यांचे नाव ‘अनशी ढाकायचा सण’. आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा तो सण. मूळ कारण विस्मरणात गेले. पण आंबलेले झाकायचे, एवढी गोष्ट घरच्या बायकांच्या हातांनी लक्षात ठेवली. इतिहासकाराला कागद लागतो. धर्माला पुष्कळदा एक भांडे आणि त्यावरचे झाकण पुरते, असे हे उदाहरण आहे.

पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या यहुद्याने त्यांना ओळखले, असे ते सांगतात. त्याने म्हणे तेथल्या स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले, आणि त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढेच निवडून घेतले. शास्त्राला मान्य असलेले मासे तेच. नंतर कोचीनहून शिक्षक आले. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे त्या जॉन विल्सननी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. म्हणजे एकोणिसाव्या शतकात हा समाज आपला विसरलेला धर्म मराठीच्या आधाराने पुन्हा वाचायला शिकत होता. मग फौज, रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा यांतल्या नोकऱ्यांसाठी माणसे गावे सोडून शहरांत आली. ठाणे हे जिल्ह्याचे ठिकाण, आणि 1853 पासून आगगाडीचे गाव. येथे वस्ती वाढली आणि टेंभी नाक्यावर सिनेगॉग उभे राहिले.

हिब्रू विधी पूर्ण शिकल्यावर एक अडचण पुढे आली. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा पवित्र दिवस, द्राक्षमद्याच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणून सुरू करायचा असतो. या विधीला ‘किद्दुश’ म्हणतात. द्राक्षवेलीचे फळ निर्माण करणाऱ्या परमेश्वराची त्यात स्तुती असते. शनिवारी रात्री शब्बाथाला निरोप देताना पुन्हा पेला. लग्नात मांडवाखाली पेला. सुंतेच्या वेळी पेला. आणि वल्हांडणाच्या रात्री तर प्रत्येकाने चार पेले घ्यायचे. शास्त्राने पेला सांगितला; पण कोकणात द्राक्षे कोठून आणायची?

आमच्या कोकणात पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो आणि उरलेल्या आठ महिन्यांतही हवेतला दमटपणा हटत नाही. द्राक्षवेलीला हे मानवत नाही. येथे मद्य निघते ते ताडाचे आणि माडाचे. ठाण्याला 1321 साली जॉर्डेनस नावाचा ख्रिस्ती साधू आला होता. त्याचे चार फ्रान्सिस्कन सोबती याच गावात मारले गेले. त्याने आपल्या प्रवासवर्णनात ‘ताडी’ देणाऱ्या झाडाचे नाव घालून त्यातून गळणाऱ्या गोड पांढऱ्या रसाची तारीफ केली आहे. म्हणजे पिण्याची ददात ठाण्याला सहाशे-सातशे वर्षांपूर्वीही नव्हती. पण माड काही द्राक्षवेल नव्हे. ताडीवर किद्दुशाचा तो आशीर्वाद चालत नाही.

मग विलायती बाटली का आणू नये? मुंबईत ती मिळत होती. पण तेथे शास्त्राचा दुसरा नियम आडवा येतो. द्राक्षमद्य हे प्राचीन काळी परदैवतांच्या पूजेत वापरले जाई. त्यामुळे परधर्मीयाने बनविलेले किंवा हाताळलेले कच्चे मद्य यहुद्याला विधीसाठी चालत नाही. तेव्हा दुकानातली बाटली बहुधा निरुपयोगी. जे करायचे ते घरी, घरच्या माणसांच्या हातांनी.

उपाय मात्र शास्त्रातच होता. तालमूदने मनुकांच्या मद्यावर किद्दुश होऊ शकतो असे सांगून ठेवले आहे. सोळाव्या शतकात योसेफ कारो या पंडिताने धर्मनियमांचा जो कोश रचला, त्यात तर अगदी स्वयंपाकघरात उपयोगी पडेल असा तपशील आहे. पाण्यात घालण्यापूर्वीच दाबून पाहावे. ज्यांतून थोडा तरी रस निघेल अशाच मनुका घ्याव्या. अगदी काष्ठवत झालेल्या चालत नाहीत. पुढच्या टीकाकारांच्या मते पाणीही बेताने घालावे. मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून अधिक हव्यात. त्याहून पातळ झाले तर ते नुसते मनुकांचे पाणी. त्याला वेलीचे फळ म्हणता येणार नाही.

मुंबई हे व्यापाराचे बंदर. काळ्या मनुका वाण्याच्या दुकानात मिळत. तेव्हा बेने इस्रायल घरात जी पद्धत रुळली ती अशी: काळ्या मनुका निवडून, धुऊन पाण्यात भिजत घालायच्या, चांगल्या फुगल्या की हातांनी कुस्करायच्या, आणि स्वच्छ फडक्यातून पिळून गाळून घ्यायच्या. कोणी भिजविण्याऐवजी उकळून घेतात. सारे शब्बाथ लागण्यापूर्वी झाले पाहिजे, कारण त्यानंतर पिळणे हेही काम, आणि काम निषिद्ध. ज्यांच्या आजे-पणजांनी सहा दिवस घाणा फिरवून तीळ-खोबऱ्याचे तेल गाळले, त्यांच्या घरातल्या बायका सातव्या दिवसाच्या उंबरठ्यावर मनुकांचा रस गाळीत. घाण्याला बैल लागे. याला दोन मुठी पुरत.

आपल्या घरांत या पेल्याचा एक सख्खा भाऊ आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. फडताळातली द्राक्षासवाची बाटली! तेही मनुकांचेच. पण वैद्य त्यात धायटीची फुले घालून महिनाभर मुरवतो, त्यामुळे ते आंबते आणि त्यात मद्यार्क उतरतो. टेंभी नाक्याच्या पेल्याला एवढी सवड नसते. एका रात्रीत मनुका आंबत नाहीत. म्हणून शास्त्राच्या दृष्टीने ती वाइन, आणि जिभेच्या दृष्टीने सरबत. मावशींचे उत्तर दोन्ही बाजूंनी बरोबर होते.

या घरगुती उद्योगाची खरी किंमत कळायची तर दूरच्या एका गावाकडे पाहावे. सर्बियात डॅन्यूब नदीच्या काठी फ्रुश्का गोरा नावाची डोंगरांची रांग आहे आणि तिच्या कुशीत स्रेम्स्की कार्लोव्त्सी हे गाव. युरोपच्या इतिहासात हे गाव 1699 सालच्या तहासाठी प्रसिद्ध आहे. इकडे राजाराम महाराज औरंगजेबाशी झुंजत होते, त्याच वर्षी तिकडे तुर्कांनी या गावी ऑस्ट्रिया आणि तिच्या मित्रांशी तह केला. त्या डोंगरावर द्राक्षवेली लावल्या त्या रोमचा बादशहा प्रोबस याने, तिसऱ्या शतकात, असे तेथले लोक मानतात. बिचाऱ्याचा शेवट चांगला झाला नाही. शांततेच्या काळात सैनिकांना मळ्यांच्या आणि दलदल उपसण्याच्या कामाला जुंपले म्हणून चिडून त्यांनीच त्याला 282 साली ठार केले, असे जुने इतिहासकार लिहितात.

बादशहा गेला, वेली राहिल्या. कार्लोव्त्सीत आजही घराणी पिढ्यान् पिढ्या मद्य करतात. त्यांतले ‘बेर्मेत’ नावाचे गोड मद्य अनेक वनस्पती आणि मसाले घालून मुरवलेले असते, आणि प्रत्येक घराण्याची कृती वेगळी. ती कोणी बाहेरच्याला सांगत नाही. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने बेर्मेतच्या मोबदल्यात गावच्या पुरुषांना लष्करी नोकरी माफ केली होती, अशी कथा तेथे हौसेने सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बहुतेक मळ्यांप्रमाणे तेथले मळेही उजाड केले. मग अमेरिकन मुळांवर कलमे बांधून लोकांनी ते पुन्हा उभे केले.

तेथल्या घराण्याजवळ डोंगर आहे, तळघर आहे, पिंपे आहेत आणि गुपित आहे. टेंभी नाक्यावरच्या घराण्याजवळ यांतले काही नव्हते. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, एक पातेले आणि एक फडके. गुपित तर मुळीच नव्हते. शेजारच्या मुलालाही पेला मिळत असे. तरीही एका गोष्टीत दोघे सारखे. बाजारात जे विकत मिळत नाही ते घरात करायचे आणि कृती पुढच्या पिढीच्या हातात द्यायची. कार्लोव्त्सीच्या माणसाने वेल राखली; येथल्या बाईने वेलीची आठवण राखली. दुसरे काम पहिल्याहून सोपे आहे असे मला वाटत नाही.

विसाव्या शतकात या पेल्यावर कायद्याची नजर पडण्याची वेळ आली. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. तेथे धर्मविधीसाठी मद्याची सवलत होती, आणि तिचा गैरफायदा घेणारे भोंदू धर्मगुरूही निपजले. तेव्हा लुई गिन्झबर्ग या पंडिताने 1922 साली सविस्तर निर्णय दिला, की न आंबवलेल्या द्राक्षरसावरही विधी होऊ शकतो. त्यावर तेथे पुष्कळ वाद झाला. आपल्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 साली झाला. त्यातही धार्मिक विधीच्या मद्याला जागा ठेवली होती. एफ. एन. बलसारा या नागरिकाने कायद्याला आव्हान दिले आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरची बंदी रद्द ठरविली. वर्तमानपत्रांत यावर रकाने भरत होते. पण बेने इस्रायल स्वयंपाकघरात काहीच बदलले नाही. गिन्झबर्गने जो निर्णय शास्त्राधार देऊन मांडला, तो येथे वाण्याच्या पुडीतून कधीच आला होता. दारूबंदीच्या काळात ज्या घरी दर शुक्रवारी ‘वाइन’ होत होती, त्या घराला परवान्याची गरज पडण्याचे कारण नव्हते.

त्या घराला गरज पडली ती निराळ्याच परवान्याची.

1948 साली इस्रायल राष्ट्र झाले आणि बेने इस्रायल तिकडे जाऊ लागले. येथे त्यांना कोणी जा म्हटले नव्हते. छळ कसा असतो हे या भूमीत त्यांना ठाऊक नव्हते, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. ते गेले ते शतकानुशतके ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली, त्या दिशेच्या ओढीने. तिकडे गेल्यावर त्यांना विचारण्यात आले, की तुम्ही खरोखर यहुदी आहात काय? 1962 साली तेथल्या धर्मपीठाने विवाह नोंदविणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची, जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन, चौकशी करावी. ज्यांची पुस्तके समुद्रात गेली, त्यांनी कागद कोठून आणायचे? ज्यांनी भांड्यावरचे झाकण, माशाचे खवले आणि शनिवारचा बंद घाणा एवढ्यावर धर्म वाहून आणला, त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला.

ही माणसे मुकाट बसली नाहीत. सत्याग्रहाच्या देशातून गेलेली होती. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, निदर्शने केली. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेत हा विषय आला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे स्पष्ट सांगितले. आणि धर्मपीठाला आपल्या सूचनेतून त्या समाजाचे नाव काढावे लागले.

हा प्रसंग वाचताना मला पुन:पुन्हा तो पेला आठवतो. कारोच्या कोशातला नियम असा, की वाळलेले फळ दाबून पाहा. आत थोडा जरी स्वतःचा रस शिल्लक असेल, तर पाणी घातल्यावर जे निघेल ते वेलीचेच फळ. फळ किती दिवस वाळत पडले होते, कोणत्या दुकानातून आले, याची चौकशी नियमात नाही. एवढी उदार कसोटी शास्त्राने मनुकेला लावली होती. माणसाला लावायला मात्र दोन वर्षांचा झगडा करावा लागला. शेकडो वर्षे कोकणच्या उन्हात वाळलेला एक धर्म कोचीनच्या आणि मराठीच्या पाण्यात भिजून पुन्हा फुगला. त्यात रस होता म्हणूनच ना?

मराठीचे पाणी म्हणतो ते उगाच नव्हे. पुण्यात 1874 साली वल्हांडणाच्या रात्री वाचण्याचे हग्गादा हे पुस्तक हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापले गेले. त्यातल्या एका चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या बायकांसारख्या खाली बसून, लुगडी नेसून काम करताना दाखविल्या आहेत. मिसरच्या दास्यातून सुटलेल्यांची कथा, आणि चित्रात लुगडे! त्या रात्रीचे चारही पेले त्याच मनुकांचे. इस्रायलमध्ये गेलेल्यांनीही मराठी टाकली नाही; तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले.

ठाण्यातून पुष्कळ घरे गेली. नाक्याजवळच्या जुन्या इमारतींच्या जागी नव्या आल्या. तरी भारतात यहुद्यांची सर्वांत मोठी वस्ती आज ठाण्यातच असल्याचे सांगतात, आणि टेंभी नाक्याचे सिनेगॉग चालू आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. आणि द्राक्षांचे म्हणाल, तर ज्या मुलखात एकेकाळी किद्दुशापुरते द्राक्षमद्य मिळणे कठीण होते, तेथे 1980 च्या दशकात नारायणगावला मद्याचा कारखाना निघाला, 2001 साली सरकारने द्राक्षमद्यासाठी खास धोरण आखले, आणि आता कसारा घाट चढून गेले की नाशिकच्या मळ्यांतून देशभर बाटल्या जातात. तासगावच्या बेदाण्याचा बाजार तर सर्वज्ञात आहे. वेल अखेर आपल्याकडे येऊन पोहोचली.

म्हणून मनुका भिजायच्या थांबल्या काय? बेने इस्रायल घरांतून त्या अजून भिजतात. बाटली परवडत नाही म्हणून नव्हे. आजीने केले ते आईने केले आणि आईने केले ते आपण करावे, याहून मोठे कारण त्याला नाही. आणि दिवाळीला बाजारात सगळा फराळ मिळत असताना घरात कढई चढविणाऱ्या आपल्या वाचकांना ते कारण समजावून सांगायला नको.

या दिवाळीत टेंभी नाक्यावरून जाणे झाले, आणि तो दिवस शुक्रवार असला, तर सिनेगॉगच्या फाटकापाशी क्षणभर थांबावे. आत दिवे लागत असतील. जवळच्या एखाद्या घरात कोणी फडके पिळीत असेल. आपल्या पणत्या आणि त्यांचे दिवे एकाच तिन्हीसांजेला लागतात, आणि पेल्यात काय आहे असे कोणी मुलाने विचारलेच, तर उत्तरही तेच असेल: सरबत आहे, पण आजच्यापुरते वाइन म्हण.